पोलोग्राउंडजवळचं लेझर कटिंगचं दुकान: आमच्या रेल्वे मॉडेलमधल्या कालाकुंड घाटाचे खांब इथे कापले

१५२ फूट उंच दगडी खांब कापून हवाय, पण ५३ सेंटिमीटरचा, हे वाक्य मी इंदुरात चार दुकानांत म्हटलं. पहिल्या तिघांनी विचारलं, किती पीस, कुठल्या रंगात, फाईल आणलीय का. त्यांचंही बरोबर आहे, त्यांचं रोजचं काम ट्रॉफ्या, दारावरच्या पाट्या आणि लग्नाच्या मंडपातली अक्षरं. पोलोग्राउंडकडच्या या चौथ्या दुकानात काकांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "वरून गाडी जाणार का?" मी म्हटलं हो, जाणार, रोज पाच तास, दहा दिवस. तर म्हणाले, "मग बसा."

म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय आणि मोठा लिहितोय, कारण आपल्याकडे रेल्वेचं मॉडेल बनवणाऱ्याला काय कुठे मिळतं हे कोणी नीट लिहीतच नाही, प्रत्येक जण पहिल्यापासून धडपडतो.

आधी आम्ही काय बनवत होतो ते सांगतो, नाहीतर दुकानाचं काम कळणार नाही. कॉलनीच्या गणपतीत दरवर्षी देखावा असतो. इंदुरात अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या निघतात, हुकुमचंद मिल, मालवा मिल, राजकुमार मिल, त्या बघतच आम्ही सगळे मोठे झालो, त्यामुळे देखावा म्हणजे त्यात काहीतरी हललं पाहिजे हे इथे लहान पोरालाही माहीत असतं. या वेळी मंडळाने होळकर रेल्वे घेतली. खंडवा ते इंदूर लाइन, मीटर गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर एक मीटर. १८७० मधे दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी या लाइनसाठी १ कोटी रुपये कर्ज देऊ केलं, जीआयपीच्या (ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या) मेन लाइनवरचं खंडवा जंक्शन ठरलं, खंडवा-सनावद तुकडा १ डिसेंबर १८७४ ला सुरू झाला, ५ ऑक्टोबर १८७६ ला नर्मदेचा पूल मालगाड्यांसाठी महाराजांच्याच हस्ते उघडला, आणि मग सगळ्यात अवघड काम, चोरल नदीच्या खोऱ्यातून विंध्याचा घाट चढून वर माळव्यात यायचं. कालाकुंड ते पातालपानी. १ ला ४० चा चढ, ४ बोगदे, १४ पूल, आणि दरीच्या तळापासून मोजला तर सगळ्यात उंच खांब १५२ फूट. पावसाळ्यात हेरिटेज ट्रेनने पातालपानीहून कालाकुंडला जाणारे, धबधब्याचे फोटो काढणारे, पळसाच्या पानावरचा कलाकंद खाणारे इंदुरात हजारो आहेत, पण आपण ज्या पुलावरून आत्ता गेलो तो दीडशे वर्षांपूर्वी आपल्या संस्थानाच्या पैशातून उभा राहिला हे त्या डब्यात बसलेल्या दहा जणांना विचारलं तर दोघांना माहीत असेल. ते लोकांना दाखवायचं होतं, आणि तक्त्यावर लिहून लावलं तर कोणी वाचत नाही.

स्केल १:८७ घेतलं, म्हणजे सगळं खऱ्याच्या ८७ पट लहान. मीटर गेज म्हणजे १००० मिलिमीटर भागिले ८७, साडेअकराच्या आसपास येतं, आणि १२ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात, अर्धा मिलिमीटर फरक कोणाच्याही डोळ्याला दिसत नाही. (ब्रॉड गेजचं मॉडेल करणाऱ्यांची खरी पंचाईत असते, त्यांना सव्वाएकोणीस मिलिमीटर पाहिजे आणि बाजारात साडेसोळाचे रूळ.) एकूण ५ बोर्ड, प्रत्येक ४ फूट बाय अडीच फूट, जोडून २० फूट. पुढच्या बाजूला कालाकुंडचं सपाट स्टेशन सोडलं की ४ मीटर चढ मिळतो, १ ला ४० ने म्हणजे मीटरला अडीच सेंटिमीटर, एकूण १० सेंटिमीटर उंची. मागच्या बाजूने गाडी डोंगराआडून खाली येते, ते लोकांना दिसत नाही.

चारही बोगद्यांची मिळून लांबी ५१० यार्ड आहे, ती १:८७ मधे सव्वापाच मीटरच्या वर जाते, म्हणजे आमच्या जवळजवळ अख्ख्या मॉडेलवर बोगदाच. म्हणून दोन बोगदे घेतले आणि तेही आखूड केले. पण खांबाच्या बाबतीत मी हट्ट धरला. खांब पूर्ण उंचीचा पाहिजे, ५३ सेंटिमीटर, कारण खिडकीतून खाली बघितल्यावर पोटात जो गोळा येतो तोच दाखवायचाय. त्यासाठी मधला बोर्ड खाली उतरवला, बाकी बोर्डांना मीटरभर पाय आणि याला गुडघ्याएवढे.

आता दुकान. माझी फाईल मी घरीच काढली होती, चार बाजू, वर निमुळत्या होत जाणाऱ्या, त्यावर दगडांच्या रेघा, आणि कोपऱ्यावर एकमेकांत अडकणारे दाते, लेझरवाल्या सगळ्या खोक्यांना असतात तसे. थराची उंची मी दीड फूट धरली, म्हणजे मॉडेलवर सव्वापाच मिलिमीटर, असे १०१ थर. दाते मात्र सॉफ्टवेअरने स्वतःच टाकले होते, २० मिलिमीटरचे. काकांनी फाईल मोठी करून कोपरा बघितला, बराच वेळ काही बोललेच नाहीत, आणि मग म्हणाले, "हे खोकं दिसेल हो. दगडी खांबाला कोपऱ्यात काय असतं? एक लांब दगड, एक आखूड दगड, एक लांब, एक आखूड. मग तुमचे दाते दगडाएवढेच करा ना."

मी तिथेच गप्प झालो. दाता दगडाएवढा केला की या बाजूचा लांब दगड त्या बाजूच्या आखूड दगडाच्या जागी जाऊन बसतो, जोड लपवायचा प्रश्नच उरत नाही, जोड हाच कोपऱ्याचा दगड. त्यांनी पुतण्याला बसवून एका कोपऱ्याचे १०१ दाते थरांच्या रेघांना जुळवून घेतले, वरती खांब निमुळता असल्यामुळे कडा तिरकी आहे, त्या तिरक्या कडेवर दाते आडवे राहिले पाहिजेत, तेही त्यांनीच पाहिलं. मला हे सुचलं नव्हतं आणि मी तीन महिने या खांबाचे फोटो बघत होतो. नंतर मी विचारलं की तुम्हाला दगडकामाचं कसं माहीत, तर कळलं की त्यांचे मामा मिलच्या झांक्यांवर काम करायचे, लाकडी किल्ले, राजवाड्याचे दरवाजे, हलणारे हत्ती, आणि काका लहानपणी तिथे खिळे पुरवायला बसायचे.

दुसरी गोष्ट, नमुना. या दुकानात पहिल्याच दिवशी अख्खं शीट कापत नाहीत. ३ मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेलं शीट) कधीच बरोबर ३ नसतो, व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावला तर आमचं शीट एका कोपऱ्यात २.८ आणि दुसरीकडे २.९ निघालं, त्यात लेझर स्वतः रेघेएवढं लाकूड जाळून टाकतो, ०.१५ ते ०.२ मिलिमीटर. एका दात्याला हे काहीच नाही, पण १०१ दात्यांचा कोपरा ढिला झाला की खांब हातात खुळखुळतो. त्यांनी आधी बोटाएवढी पट्टी कापली, तीत २.६ पासून ३.१ पर्यंतच्या खाचा, आपल्या शीटचा तुकडा एकेका खाचेत घालून बघायचा, जी खाच अंगठ्याने दाबल्यावर बसते आणि उलटं केल्यावर पडत नाही ती घ्यायची. आमची २.७ ची निघाली. पट्टीचे पैसे घेतले नाहीत. पहिला खांब घरी आणून मी फेविकॉल न लावता नुसता जोडला आणि टेबलावर उभा केला तर आईने चहा घेऊन येताना विचारलं, हा दगड कुठून आणलास.

त्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे जी मला फार आवडली. कापण्याआधी ते शीटवर कागदी मास्किंग टेप चिकटवतात, म्हणजे लेझरचा धूर लाकडावर बसत नाही. रेघा टेपवरूनच मारतात आणि मग टेप काढून टाकतात. तर होतं काय, दगडाचा चेहरा स्वच्छ राहतो आणि फक्त रेघेच्या आत जळका तपकिरी रंग उरतो. म्हणजे दोन दगडांमधला सांधा आपोआप गडद. आपल्या घाटातला दगड काळा आहे, बेसॉल्ट, त्याला मी काळा, थोडा निळा आणि अगदी चिमूटभर तपकिरी असा पातळ हात दिला आणि ओला असतानाच फडक्याने पुसला, तर सांध्यात रंग राहिला आणि दगडावरून निघाला.

पैशांचं सांगतो, कारण इथे लोक फसतात. बिल दोन गोष्टींवर होतं, शीट आणि मशीन चाललेली मिनिटं. दगडांच्या रेघा जर तुम्ही चित्र म्हणून दिल्या तर मशीन प्रिंटरसारखं इकडून तिकडे एकेक ओळ खोदत बसतं, माझ्या एका खांबाला साडेतीन तासांच्या वर दाखवत होतं. त्याच रेघा नुसत्या लाइन म्हणून दिल्या तर लेझर रेघेवरून एकदाच धावतो, कमी पॉवरवर, आणि तोच खांब ३५ मिनिटांत. हे काकांनी आपणहून सांगितलं, त्यांना साडेतीन तासांचं बिल लावता आलं असतं, मला कळलंही नसतं. ४ खांब, २ बोगद्यांची तोंडं, पुलाच्या गर्डरच्या जाळ्या, स्टेशनची इमारत आणि पुढची अॅक्रिलिकची काच एवढं सगळं मिळून मंडळाने जेवढं बजेट धरलं होतं त्याच्या आत बसलं.

पावसाबद्दल एक इशारा त्यांनी दिला होता तो मी अर्धाच ऐकला. गणपती म्हणजे भर पावसाळा, आणि एमडीएफ पाणी पितो, कडा फुगतात. ते म्हणाले होते सगळ्या बाजूंनी सीलर मारा, आतूनही, आणि थिनर घालून पातळ मारा नाहीतर रेघा बुजतील. मी बाहेरून दोन पातळ हात मारले, खांबांना आतूनही मारला, पण पुलाच्या बोर्डाखालची बाजू राहिली. त्याचं काय झालं ते पुढे येतंच.

थ्रीडी प्रिंटिंगचं मात्र मी तेवढं कौतुक करणार नाही. आमचं इंजिन सुरुवातीच्या मीटर गेजसारखं, सहा चाकांचं, दिल्लीच्या रेल म्युझियममधे एफ-७३४ उभं आहे, अजमेरला १८९५ मधे बनलेलं, देशात पूर्ण बनलेलं पहिलं इंजिन, त्याचे मी सगळ्या बाजूंनी फोटो काढून आणले होते आणि बॉडी त्यावर बेतली. आम्ही १८८० च्या आसपासचं दाखवतोय, त्यामुळे साल थोडं पुढचं होतं हे मान्य, पण त्याच घराण्यातलं आहे. खाली १२ मिलिमीटर रुळांवर चालणारी जुनी टीटी चेसिस, म्हणजे चाकं आणि मोटर असलेला तयार सांगाडा. बॉडी दुकानातल्या रेझिन मशीनवर (पातळ रेझिन थराथराने घट्ट करणारा थ्रीडी प्रिंटर) काढली. पहिली बॉडी हातात आली तेव्हा बॉयलर केळ्यासारखा वाकलेला, म्हणजे एका टोकाला मिलिमीटरभर वर, बहुतेक धुऊन उन्हात ठेवताना नीट आधार दिला नव्हता. पुतण्याने लगेच मान्य केलं आणि परत काढून दिली, पैसे न घेता, पण दुसऱ्या बॉडीच्या पायऱ्या इतक्या ठिसूळ होत्या की पहिल्याच आठवड्यात दोन तुटल्या. शेवटी पायऱ्या आणि कठडे मी पितळेच्या तारेचे सोल्डर करून बसवले. माझं मत विचाराल तर इथे कापायचं काम डोळे मिटून द्या, पण रेझिनचं बारीक काम देताना जे भाग सिंगल भिंतीचे आहेत ते आधीच जाड करून द्या किंवा धातूचे करा.

अपवाद हत्ती. होळकर रेल्वेचं इंजिन हत्ती ओढतायत असा एक जुना फोटो इंदुरात सगळीकडे फिरतो, तो बघून मंडळातल्या पोरांनी हट्ट धरला की हत्ती पाहिजेच. १:८७ मधे हत्ती ३ सेंटिमीटरचा होतो. तो मात्र सुरेख निघाला, कानाच्या शिरासुद्धा दिसतात.

तक्रार आहे ती वेळेची, आणि ती मी मोकळेपणाने लिहितो कारण काकांना तोंडावरही सांगितलीय. पाच दिवस म्हणाले आणि अकरा लागले. राखीपासून गणपतीपर्यंत त्यांच्याकडे मखरांची आणि सजावटीची रांग लागते, सगळं इंदूर त्याच तीन आठवड्यांत जागं होतं. फोन उचलत नाहीत, मेसेजला उत्तर रात्री अकराला येतं. मला तीन चकरा माराव्या लागल्या, पावसात, आणि एका चकरेत तर शटर बंद. ज्याला तारीख पाळायची आहे त्याने जूनमधेच फाईल देऊन टाकावी. आणि कापलेला माल घरी आणल्यावर दोन दिवस बाल्कनीत ठेवा, जळक्या एमडीएफचा वास बंद खोलीत डोळ्यांना झोंबतो.

खडीसाठी दुकानाची काही मदत नाही पण सांगून ठेवतो, कारण प्रदर्शनात सगळ्यात जास्त लोकांनी हेच विचारलं. रुळाखालची खरी खडी ५० मिलिमीटरच्या आसपासची, ८७ ने भागली की अर्धा मिलिमीटर आणि वर थोडं, म्हणजे बारीक रवा. क्रशरची काळी चुरी आणली, धुतली, वाळवली, रव्याच्या चाळणीतून जी खाली पडली ती मैद्याच्या चाळणीत घेतली, आणि जी वर उरली तीच वापरली. ब्रशने पसरायची, पाण्याचा फवारा द्यायचा, मग फेविकॉलमधे तेवढंच पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरने सोडायचं. साबण नसेल तर फेविकॉलचा थेंब खडीवर गोल बसून राहतो, आत शिरत नाही. सागाच्या झाडांसाठी रंगवलेला बुरादा, रांगोळीवाल्यांकडे मिळतो तोच. पावसाळी चोरल दाखवायची म्हणून हिरवे चार वेगवेगळे घेतले.

आता तो प्रसंग, ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायलाच हवा होता. तिसरा दिवस, शनिवार, संध्याकाळचे सात, हॉलमधे पाय ठेवायला जागा नाही. दोन दिवस गाडी सुरळीत चढत होती, पुढे एक इंजिन, मागून धक्का द्यायला दुसरं, जसं कालाकुंडला घाट चढायला मागे बँकर लावायचे तसंच. आणि अचानक दोन बोर्डांच्या जोडावर, नेमकी पुलाच्या तोंडाशी, पुढचं चाक उतरलं. परत ठेवली, परत उतरली. बोट फिरवलं तर रुळाच्या जोडाला नखाला लागेल एवढी पायरी. दोन दिवस सतत पाऊस, खालची बाजू सीलरविना, बोर्ड फुगला आणि जोडाच्या अलाइनमेंटची पट्टी तडकली. या पट्ट्या ६ मिलिमीटर अॅक्रिलिकच्या, याच दुकानात कापलेल्या, बोर्ड दर वेळी त्याच जागी बसावेत म्हणून.

मी फोन लावला, आणि या वेळी पहिल्याच रिंगला उचलला. पुतण्या म्हणाला, फाईल आमच्याकडे आहे, अर्ध्या तासात येतो. चाळीस मिनिटांनी तो स्कूटरवरून आला, रेनकोटच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत पट्ट्यांचे दोन सेट, आणि त्यातला एक सेट काकांच्या सांगण्यावरून बोल्टची भोकं लांबट करून कापलेला, म्हणजे बोर्ड उद्या आणखी फुगला तरी बोल्ट सैल करून रूळ परत जुळवता यावेत. बोर्डाखाली दोघं आडवे झालो, वर लोक उभे, पोरं वाकून बघतायत, गुण्या आणि सहा इंची स्टीलची पट्टी रुळावर उभी धरून जोड जुळवला, बोल्ट आवळले. सव्वाआठला गाडी पुलावरून गेली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढचे सात दिवस रोज संध्याकाळी सुरू करण्याआधी ते बोल्ट मी तपासले, दोनदा खरंच किंचित सैल करून जुळवावे लागले. गाडी परत उतरली नाही.

घरात कपाटावर ठेवायचं मॉडेल आणि लोकांसमोर रोज पाच तास चालवायचं मॉडेल यात जो फरक आहे तो या माणसांना मी न सांगता कळला होता. अॅक्रिलिकची पुढची काचही त्यांनीच ठरवली, मी सरळ उभी मागत होतो, त्यांनी वरची कड आत वळवलेली दिली कारण लहान पोरं सरळ काचेवरून हात आत घालतात. खालच्या बाजूला दोन बोटांची फट ठेवली, म्हणजे दिव्यांच्या उष्णतेने आणि गर्दीच्या श्वासाने काचेवर वाफ धरत नाही. गर्डरच्या जाळ्यांचा एक जास्तीचा संच त्यांनी न मागता कापून पिशवीत टाकला होता, मला घरी आल्यावर दिसला. पाचव्या दिवशी एक जाळी खरंच तुटली, तेव्हा तो उपयोगी आला.

एक आजी रोज यायच्या. त्यांचं माहेर खंडव्याचं, लग्नानंतर कितीतरी वर्षं याच लाइनने मीटर गेजच्या गाडीने जायच्या-यायच्या. पहिल्या दिवशी त्या बोगद्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, गाडी पुलावरून वळून बोगद्याकडे यायला लागली आणि शेजारच्या नातवाचा हात धरून म्हणाल्या, "खिडकी लाव, धूर येईल." नातवाला काही कळलं नाही, मग त्यांनी त्याला वाफेच्या इंजिनाचा धूर बोगद्यात कसा कोंडायचा, बाहेर आल्यावर रुमालाने तोंड पुसलं की रुमाल काळा कसा व्हायचा ते सगळं सांगितलं, आणि आजूबाजूचे दहा-बारा लोक ऐकत थांबले. मी मागे कंट्रोलरपाशी उभा होतो. गाडीचा वेग मी जरा कमी केला.

काकाही सहकुटुंब आले, शेवटून दुसऱ्या दिवशी. गाडीकडे त्यांनी फार बघितलं नाही. सरळ उंच खांबापाशी गेले, खाली वाकून कोपऱ्यावरून डोळा लावून पायथ्यापासून वरपर्यंत बघितलं, आणि पुतण्याला बोलावून दाखवलं की साठाव्या थराच्या आसपास एक दाता अर्धा मिलिमीटर बाहेर राहिलाय. बरोबर होतं, तो मी घासायचा विसरलो होतो.

कोणाला जायचं असेल तर, सकाळी अकराच्या आत जा, तेव्हा काका निवांत असतात. फाईल नसली तरी चालेल, कागदावर मापं टाकून नेलीत तरी पुतण्या ड्रॉइंग काढून देतो, त्याचे वेगळे पैसे होतात पण रास्त. गाडी लावायला गल्लीत जागा नाही, पुढे सोडून चालत या. आणि काय कापायचंय त्यापेक्षा ते कशासाठी कापायचंय हे आधी सांगा, त्याने कामात फार फरक पडतो.

बोर्ड आता कॉलनीच्या स्टोअरमधे प्लास्टिकमधे गुंडाळून ठेवलेत, पुढच्या वर्षी घाटाला खाली नर्मदेचा पूल जोडायचाय. खरा पूल १९७ फुटांच्या १४ गाळ्यांचा, १:८७ मधे एक गाळा ६९ सेंटिमीटर, चौदाच्या चौदा घेतले तर साडेनऊ मीटरच्या वर, हॉलमधे मावणार नाही, म्हणून ३ गाळे करतोय. रूळ नदीच्या उन्हाळ्यातल्या पाण्यापासून ८० फूट वर, म्हणजे २८ सेंटिमीटर. एका गाळ्याची फाईल मागच्या मंगळवारी देऊन आलो. काकांनी चष्मा वर करून बघितली आणि म्हणाले, याच्या खालून बैलगाड्यांचा रस्ता जायचा ना, तो कुठाय? मी म्हटलं राहिला. त्यांनी पेन्सिलने गर्डरच्या खाली एक आडवी रेघ मारली, बाजूला "रस्ता" असं लिहिलं आणि कागद परत दिला.